उजवीकडील आसन

गेल्या वर्षीं गणपती बसण्यास आठ दिवस असतांना आमची नात न कळवितां घरीं आली. घरांत तिला सगळे ताई म्हणतात. मीहि येथें तसेंच म्हणतों. दोन दिवसांसाठीं येणारी मुलगी दोन मोठ्या बॅगा घेऊन येत नाहीं, हें तिच्या आजीनें दारांतच ताडलें. पण प्रवासांतून आलेल्या माणसाचें जेवण होईपर्यंत त्याला कांहीं विचारावयाचें नाहीं, असा आमच्याकडे जुना रिवाज आहे. तो पाळला गेला. जेवणें झालीं, पानें उचललीं गेलीं, आणि मग ताईनेंच सांगितलें कीं, तिनें नोकरी सोडली आहे.

ताई विमान चालविते. नुसती चालवीत नाहीं, शिकविते. आमच्या घराण्यांत शिकविण्याचा पेशा चार पिढ्यांचा. माझे आजोबा पंतोजी होते, वडील हायस्कुलांत होते, आणि मीं स्वतः छत्तीस वर्षें कोल्हापुरांतील एका शाळेंत संस्कृत व मराठी शिकविलें. त्यामुळें ती वैमानिक झाली तेव्हां घरांत जें नवल वाटलें होतें, तें ती शिक्षिका झाल्यावर ओसरलें. "गेली कुठं? फिरून आपल्याच वाटेला आली," असें तिची आजी म्हणाली होती. परप्रांतांतील एका विमानशाळेंत तिला सहाय्यक शिक्षिकेची जागा मिळाली होती. तिच्या शिक्षणासाठीं वडिलांनीं काढलेलें कर्ज अजून बरेंच फिटावयाचें आहे, हेंहि येथेंच सांगून टाकतों; कारण पुढच्या सगळ्या बोलण्याच्या मुळाशीं तें होतें.

घडलें तें असें. ताईला एका इंजिनाच्या विमानावर शिकविण्याचा अधिकार होता. त्या शाळेंत दोन इंजिनांचें एक विमान होतें, आणि त्यावर शिकविणारे शिक्षक तापानें अंथरुणाला खिळले होते. एका विद्यार्थ्याचे त्या विमानावरील थोडे तास भरावयाचे राहिले होते आणि परीक्षेची तारीख तोंडावर आली होती. ताईच्या परवान्यावर दोन इंजिनांच्या विमानाचीहि नोंद आहे. म्हणजे तें ती स्वतः चालवूं शकते. तेव्हां वरिष्ठांनीं तिला सांगितलें, "तुम्ही नुसत्या उजवीकडे बसा. चालवील तो. नोंदवहींत नांव दुसऱ्याचं जाईल." ताई नाहीं म्हणाली. दुसऱ्या दिवशीं पुन्हां विचारणा झाली. ती पुन्हां नाहीं म्हणाली. त्यानंतर तिच्या नांवावर उड्डाणें लागेनातशीं झालीं. तिकडे शिक्षकाची मिळकत बरीचशी तो किती तास हवेंत राहिला यावर असे. जमिनीवर बसलेल्याच्या हातीं फारसें कांहीं पडत नसे. तीन आठवडे वाट पाहून तिनें राजीनामा दिला.

तिचे थोरले काका हिशेबतपासनीस आहेत. खोट्या नोंदीचा त्यांना मनापासून तिटकारा आहे, आणि तरीहि त्या रात्रीं पहिला प्रश्न त्यांनींच केला. "अग, पण तुला तें विमान येतं ना? येत नसतांना बसली असतीस तर गोष्ट वेगळी. नोंद तुझ्या नांवानं करा, असं म्हणायचं आणि बसायचं." तिचे वडील कांहीं बोलले नाहींत, पण हप्ता किती तारखेस जातो तें आम्हां सर्वांना ठाऊक होतें. आणि मी? आतां लिहितांना संकोच वाटतो, पण मीं काकांचीच बाजू घेतली. जें आपणांस चांगलें येतें तें दुसऱ्यास दाखविण्यांत एवढें काय बिघडतें, हें मला खरोखरच कळेना.

तिची आजी तोंवर सुपारी कातरीत बसली होती. तिनें एवढेंच विचारलें, "तो शिकणारा मुलगा कुणाचा ग?"

कोणी उत्तर दिलें नाहीं. ताईला त्याच्या घरचें फारसें ठाऊकहि नव्हतें. पण काकांनीं विषय थांबविला आणि आम्ही निजावयास गेलों.

पुढचे आठ दिवस घरांत आरास, मखर, मोदकांचें सारण यांची गडबड होती. त्या गडबडींतून सवड काढून सायंकाळीं ओटीवर ताईनें मला विमानांची वर्गवारी समजावून दिली. मी आयुष्यभर व्याकरण शिकविलेला माणूस. वर्गवारी म्हटली कीं मला ती उगाचच आवडूं लागते. परंतु हिच्यांत एक मर्म आहे, आणि तें मला लगेच दिसलें नाहीं.

कोल्हापूरच्या माणसाला गट आणि जोड म्हटलें कीं आधीं तालीम आठवते. तांबड्या मातींतल्या कुस्तीची जोड लावतांना आमचे जुने वस्ताद वजनकांटा आणीत नसत. मान, खांदे, मागच्या कुस्त्या पाहून जोड ठरे. मॅटवर मात्र किलोकिलोचे गट. विमानांचा कारभारहि असाच वजनाचा असेल अशी माझी समजूत होती. वजन त्यांत आहेच. बऱ्याच देशांत ५,७०० किलो ही लहान आणि मोठ्या विमानांमधली सीमा धरतात. पण ताईनें वजन बाजूला ठेवून दुसरीकडून आरंभ केला.

पहिली वाटणी मोठी. इंजिनाचें विमान, हेलिकॉप्टर, बिनइंजिनाचें ग्लायडर, फुगा. दुसरी वाटणी वर्गाची: जमिनीवर उतरणारें कीं पाण्यावर, एका इंजिनाचें कीं अधिक इंजिनांचें. तिसरी जातीची. मोठ्या विमानांत प्रत्येक जातीची परवान्यावर स्वतंत्र नोंद लागते. बोइंग ७३७ वर वर्षानुवर्षें घालविलेला वैमानिक नवें शिक्षण घेतल्यावांचून एअरबस ३२० च्या खुर्चींत बसूं शकत नाहीं, मग दोहोंना इंजिनें दोन-दोनच कां असेनात. (जात हा शब्द माझा. कागदोपत्रीं टाइप असें असतें. दुसरा बरा शब्द मला सुचला नाहीं. वाचकांनीं भलता अर्थ घेऊं नये.) आपल्याकडील परवान्यांचे तपशील १९३७ सालच्या नियमांतून, वेळोवेळीं दुरुस्त होत, आलेले आहेत. ज्याच्या आधारानें ते नियम झाले तो १९३४ चा कायदा नव्वद वर्षें चालला आणि १ जानेवारी २०२५ पासून त्याच्या जागीं भारतीय वायुयान अधिनियम आला. पण कायद्याचें नांव बदललें म्हणून विमानांच्या खोडी बदलत नाहींत, असें ताईचें म्हणणें.

खोडी हाच शब्द तिनें वापरला, आणि तेथूनच मला उमज पडूं लागली.

एका इंजिनाचें विमान घ्या. इंजिन बंद पडलें तर करावयाचें काय, याचें उत्तर कठीण असेल पण एकच आहे: नाक खालीं करा, वेग राखा, समोर शेत शोधा. भीति असते, घोटाळा नसतो. आतां दोन पंखांवर दोन इंजिनें घ्या. डावें थांबलें. उजवें ओढीतच आहे. बैलगाडीचा डावा बैल मटकन् बसला आणि उजवा ओढीत राहिला तर गाडी डावीकडे फिरते. तसें विमानाचें नाक बंद पडलेल्या इंजिनाच्या बाजूला फिरूं लागतें. तें उजवा पाय दाबून, शेपटीच्या सुकाणूनें थोपवावयाचें. पण सुकाणूला बळ येतें तें अंगावरून वाहणाऱ्या वाऱ्याचें. वेग एका मर्यादेखालीं गेला तर पाय पूर्ण दाबूनहि तें पुरें पडत नाहीं, आणि चालू इंजिन विमानाला उलथें पाडतें. म्हणजे जें इंजिन शाबूत आहे तेंच घात करतें! वेगमापकाच्या तबकडीवर ही मर्यादा तांबड्या रेघेनें दाखविलेली असते. एका इंजिनावर जास्तींत जास्त झपाट्यानें चढतां येईल त्या वेगाची रेघ निळी. दोन रेघांमधील जागा बोटाच्या पेराएवढीहि नसते, असें ती म्हणाली.

"अशा वेळीं नवशिका काय करतो, माहीत आहे आजोबा? घाबरून नाक वर ओढतो. वेग आणखी कमी. किंवा चुकीचा पाय दाबतो. म्हणजे इंजिन ज्या बाजूला फिरवतंय त्याच बाजूला तोहि फिरवतो. किंवा घाईंत चांगलं इंजिनच बंद करतो."

यासाठीं विद्यार्थ्याला एक खूण शिकवितात. विमान सरळ राखल्यावर ज्या पायावर जोर द्यावा लागत नाहीं, त्या बाजूचें इंजिन गेलेलें. आणि वेग तांबड्या रेघेकडे घसरूं लागला तर नाक खालीं करून चालू इंजिनाचाच जोर कमी करावयाचा. शक्ति अपुरी असतांना आहे ती शक्तिहि सोडून द्यावयाची, हें माणसाच्या मनाला पटत नाहीं. म्हणून तें आधीं पुष्कळ उंचीवर, पुन्हां पुन्हां करवून घ्यावें लागतें.

हें सारें ताईला येतें. स्वतः डाव्या आसनावर बसून तिनें तें केलें आहे, परीक्षाहि दिली आहे. मग अडलें कोठें? डाव्या आसनावर डावा हात सुकाणूवर असतो आणि उजवा इंजिनांच्या दांड्यांवर. शिक्षक उजवीकडे बसतो, तेथें दोन्ही हातांचीं कामें उलट. हा भाग सरावाचा झाला. खरी अडचण निराळी आहे. आपला पाय बरोबर पडणें ही एक विद्या. शेजाऱ्याचा पाय चुकीचा पडणार आहे हें तो पडण्यापूर्वीं ओळखणें, त्याला चुकूं देणें, चुकून शिकूं देणें, आणि तरीहि वेळेवर हात घालणें ही दुसरी. अमेरिकेंतील नियमाप्रमाणें दोन इंजिनांच्या परवान्यासाठीं शिकविणाऱ्यानें त्याच बनावटीच्या, त्याच नमुन्याच्या विमानावर प्रमुख वैमानिक म्हणून निदान ५ तास काढलेले असावे लागतात. शिक्षकाचा अधिकारपत्रहि त्या वर्गाचा असावा लागतो, नुसता वैमानिकाचा चालत नाहीं. युरोपांत नव्या शिक्षकाला अनुभवी शिक्षकाच्या देखरेखीखालीं शिकवावें लागतें, आणि विद्यार्थ्याला पहिल्यानें एकटें सोडण्याची परवानगी देण्याचा अधिकार त्याला आरंभीं मिळतच नाहीं. आपल्याकडेहि सहाय्यक शिक्षक देखरेखीखालींच शिकवितो.

विमानें कशीं उडतात यापेक्षां तीं कशीं दगा देतात, यावरूनच ही वर्गवारी मुख्यतः पडलेली आहे, असें मला आतां वाटतें. एका वर्गांतील दगा एका तऱ्हेचा. तो ज्यानें शिकणाऱ्याच्या शेजारीं बसून ओळखला आणि परतवला, त्यानेंच तो वर्ग शिकवावा. याला दुजोरा देणारी एक गोष्ट ताईनें सांगितली. अमेरिकेंत २००४ पासून अगदीं हलक्या विमानांचा एक वेगळा वर्ग आहे, आणि जमिनीवरून उडणाऱ्या विमानांना त्यांत सुमारें ६०० किलोंची मर्यादा होती. २०२५ सालच्या नव्या नियमांनीं तो कांटा काढून टाकला. हौशी वैमानिकानें कोणतें विमान चालवावें यासाठीं आतां मुख्यतः पाहतात तें हें कीं, किती कमी वेगापर्यंत तें विमान हवेंत तग धरतें. आमच्या वस्तादांना हें पटलें असतें.

शिकविणें ही निराळी विद्या आहे हें विमानविद्येनें आरंभीं मानलें नव्हतें. पहिल्या महायुद्धांत ब्रिटिश सैन्य रणांगणावरून थकून आलेल्या वैमानिकांना विसावा म्हणून शिक्षक नेमी. त्यांना उडतां येत होतें; म्हणून शिकवितां येईल असें धरलें जाई. त्यांतील कित्येक विद्यार्थ्याला सुकाणूला हातहि लावूं देत नसत, आणि अवघड प्रसंग तर टाळीतच. शिकतां शिकतां मेलेल्या मुलांची संख्या फार मोठी झाली. रॉबर्ट स्मिथ-बॅरी नांवाच्या अधिकाऱ्यानें १९१७ सालीं गॉस्पोर्ट येथें शिक्षकांसाठींच शाळा काढून हें उलटें केलें. दोघांना दोन सुकाणू. विमान मुद्दाम फिरकींत घालावयाचें आणि विद्यार्थ्याकडून बाहेर काढवावयाचें. वाऱ्याच्या आवाजांत बोलणें ऐकूं यावें म्हणून त्यानें एक नळी आणली. एका टोकाला शिक्षकाचें तोंड, दुसऱ्या टोकाला विद्यार्थ्याचे कान. पुढें टायगर मॉथ विमानांत शिक्षक पुढें, विद्यार्थी मागें, आणि मध्यें तीच नळी. दुसऱ्या महायुद्धांत आपल्याकडील कितीएक तरुण त्या नळींतून बोलणीं खात वैमानिक झाले.

येथें आमच्या जिल्ह्याचा थोडा अभिमान सांगतों, वाचकांनीं क्षमा करावी. उजळाईवाडीचा विमानतळ छत्रपति राजाराम महाराजांनीं १९३९ सालीं करविला. माझे वडील तरुणपणीं सायकलीवरून तेथें विमान पाहावयास गेल्याचें सांगत. परंतु त्याहून मला मोठी वाटते ती गोष्ट गडहिंग्लजकडील हसूरचंपूची. तेथें १९०८ सालीं जन्मलेले डॉ. विष्णु माधव घाटगे जर्मनींत ग्यॉटिंगेन येथें लुडविग प्रांट्ल या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखालीं शिकले आणि १९३६ सालीं तेथली डॉक्टरची पदवी घेऊन परतले. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनीं १९४० सालीं बंगळुरास जो विमानांचा कारखाना काढला, त्यांतच पुढें घाटग्यांनीं एचटी-२ या विमानाचा आराखडा केला. ऑगस्ट १९५१ मध्यें तें प्रथम उडालें. भारतांत आराखडा होऊन कारखान्यांतून संख्येनें बाहेर पडलेलें तें पहिलें इंजिनाचें विमान, आणि तें लढाऊ नव्हतें, प्रवाशांचें नव्हतें, शिकाऊ होतें! एकामागें एक दोन आसनें, दोघांना दोन सुकाणू. देशानें पहिल्यानें बांधावयास घेतलें तें शिक्षकासाठीं आसन असलेलें विमान, हें मला शिक्षक म्हणून फार आवडतें. त्याचें तिसरें चाक शेपटीखालीं होतें. अशा विमानाचा भार पुढच्या चाकांच्या मागें पडतो, त्यामुळें उतरल्यावर तें जरा तिरपें झालें कीं शेपूट पुढें येऊं पाहते आणि विमान जागच्या जागीं गिरकी घेतें. आजच्या बहुतेक शिकाऊ विमानांचें तिसरें चाक नाकाखालीं असतें. तीं आपण होऊन सरळ धांवतात. म्हणून नाकाच्या चाकावर मुरलेला माणूसहि शेपटीच्या चाकावर पुन्हां विद्यार्थी होतो.

वर्गवारीच्या कोणत्याच रकान्यांत नीट न बसणारीं विमानें असतात, त्यांची कथा आणखी निराळी. कॅप्टन अमोल यादव यांनीं मुंबईंत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचें विमान बांधलें. तें २०१६ सालीं प्रदर्शनांत लोकांनीं पाहिलें. त्याची नोंदणी व्हावयास २०१७ चा नोव्हेंबर उजाडला आणि उड्डाणाची परवानगी मिळावयास २०१९ चा ऑक्टोबर. अमेरिकेंत घरीं बांधलेलीं विमानें पुष्कळ. तीं प्रायोगिक गटांत मोडतात. २०२१ सालीं जुन्या लढाऊ विमानावर पैसे घेऊन शिकविण्याच्या एका खटल्यानंतर तेथील खात्यानें असा अर्थ लावला कीं, स्वतःच्याच प्रायोगिक विमानावर शिक्षक बोलावून शिकावयाचें तरी आधीं खात्याचें पत्र पाहिजे. ज्याचें विमान, त्यालाच तें सुरक्षितपणें शिकण्यास अडथळा! शेवटीं २०२२ च्या डिसेंबरांत कायदा करून ती अट काढावी लागली. नियम करणारेहि कधीं मर्म विसरतात, हें ताईनें माझ्याआधीं कबूल केलें. काकांना ही गोष्ट फार आवडली. ती त्यांनीं दोन वेळां सांगावयास लावली.

विसर्जनाच्या आदल्या दिवशीं मीं ताईला माझी एक गोष्ट सांगितली. ती मीं घरांत कोणालाच सांगितली नव्हती.

१९७२ सालीं आमचे गणिताचे शिक्षक दोन महिने आजारी पडले आणि नववीची भूमिति मजकडे आली. मॅट्रिकला मला गणितांत चांगले गुण होते. मीं आनंदानें घेतली. समद्विभुज त्रिकोणाच्या पायालगतचे कोन समान असतात, हा सिद्धांत चालला होता. पुस्तकांत शिरोकोन दुभागणारी रेघ काढून सिद्धता दिली होती. ती मीं फळ्यावर लिहिली. मागच्या बांकावर एका सुताराचा मुलगा बसे. तो उठून म्हणाला, "सर, मधें रेघ कशाला? हाच त्रिकोण उलटा करून त्याच्याच जागीं ठेवला तर चपखल बसतो की. म्हणजे कोन सारखेच." मला तें पोरकट वाटलें. फळीचा तुकडा उलटा करावा तसें तो भूमितीशीं वागत होता. मीं सांगितलें कीं, हें चूक आहे, पुस्तकांत आहे तसें लिहीत जा. वर्ग हंसला. पुढच्या चांचणींत त्यानें पुन्हां तसेंच लिहिलें. मीं शून्य दिलें.

गणिताचे शिक्षक परत आल्यावर गंमत म्हणून मीं त्यांना हें सांगितलें. ते हंसले नाहींत. म्हणाले, "अहो, हें बरोबर आहे. अलेक्झांड्रियाच्या पॅपसची म्हणून ही सिद्धता प्रसिद्ध आहे. कुठला मुलगा?" सोळाशें वर्षांपूर्वींच्या पंडिताची युक्ति एका पोरानें आपण होऊन काढली होती. मीं त्यांना मुलाचें नांव सांगितलें; परंतु त्या मुलाला बोलावून माझी चूक कबूल करणें माझ्यानें झालें नाहीं. नववीनंतर त्यानें शाळा सोडली. माझ्यामुळें सोडली असें मी म्हणत नाहीं. त्याच्या घरची स्थिति बेताची होती. पण मीं तें विचारलेंहि नाहीं. पुढें त्यानें राजारामपुरींत लांकडी सामानाचें दुकान काढलें, अजून आहे. मला पाहून तो नमस्कार करतो.

ताई बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, "तुम्हांला सिद्धता येत होती, आजोबा. त्याची येत नव्हती."

"होय," मी म्हणालों. "आणि आमच्या वर्गांत जमीन वर येत नसे. त्यामुळें कोणाला कळलें नाहीं."

तिची आजी आंतून ऐकत होती, हें मला नंतर समजलें. तिनें त्यावर मला कांहीं विचारलें नाहीं. पण दिवाळीच्या सुमारास, घरांत दोन खुर्च्या बऱ्या असतांना तिला तिसरी हवी झाली, आणि ती राजारामपुरींतूनच आणावयाची ठरली. मी गेलों. बोलणें काय झालें तें येथें लिहीत नाहीं.

अनंत चतुर्दशीनंतर ताई दुसऱ्या एका विमानशाळेंत गेली. पगार पहिल्याहून कमी. पण दोन इंजिनांवर शिकविण्याचा अधिकार मिळविण्याची सोय तेथें आहे, आणि तोंपर्यंत एका इंजिनावर काम. मधले दोन हप्ते काकांनीं भरले व ही गोष्ट कोठें बोलूं नये असें आम्हांस बजावलें. मी तर ती छापवीत आहें.

शिक्षकाचें शिक्षण मोठें मजेचें असतें, असें ती फोनवर सांगते. ती उजवीकडे बसते. डावीकडे तिला शिकविणारे जुने कॅप्टन विद्यार्थी होऊन बसतात आणि मुद्दाम चुका करतात. कोणती चूक केव्हां करतील हें आधीं सांगत नाहींत. परवां भरपूर उंचीवर गेल्यावर त्यांनीं डाव्या इंजिनाचा जोर काढून घेतला आणि निष्पाप चेहऱ्यानें डावाच पाय दाबला.

"मग तूं काय केलंस?" आजीनें विचारलें.

"ओळखलं. दोन सेकंद लागले."

"बरं झालं."

"बरं कुठलं? ते म्हणाले, दोन सेकंद फार झाले. उद्यां पुन्हां."